लाईट घेणाऱ्या बायकांना दर आठवड्याला विचारा: रेडिओथेरपी विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व रेडिओथेरपी विभागांचे प्रमुख
प्रत कार्यवाहीसाठी: सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

सन्माननीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आपल्या विभागात लाईट, म्हणजे रेडिओथेरपीचे किरण, घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आठवड्यातून एकदा, पडद्याआड, सोबतच्या माणसाला बाहेर बसवून, तिला कळेल अशा बोलीत काही ठरावीक प्रश्न विचारले जावेत. शौचाला किती वेळा होतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, लघवीला आग होते का, अन्न जातं का, जांघेत कातडी सोलवटली आहे का, अंगावरून काय जातं, झोप लागते का, घरी कोण कसं वागतं. तिचं उत्तर केसपेपरवर उतरवलं जावं आणि त्यावर त्याच दिवशी काहीतरी केलं जावं. माझी मागणी एवढीच आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, हे तर होतच असणार. बहुतेक ठिकाणी ते होत नाही.

मी रेडिओथेरपी विभागात समुपदेशक म्हणून काम करते. माझं टेबल मशीनच्या खोलीबाहेर, नंबराची वाट पाहणाऱ्या बायकांच्या बाकाला लागूनच आहे. त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येतं. बाकावर एक बाई दुसरीला सांगते, ‘काल रात्री अकरा वेळा गेले, शेवटी मोरीतच बसून राहिले.’ अर्ध्या तासाने तीच बाई तपासणीला आत जाते. डॉक्टर विचारतात, ‘काही त्रास?’ ती म्हणते, ‘नाही.’ पेपरवर शेरा पडतो: त्रास नाही, उपचार चालू ठेवा. आतला डॉक्टर निष्काळजी असतो असं माझं म्हणणं नाही. त्याच्या दारात अजून पन्नास माणसं उभी असतात आणि त्याने विचारलेलं असतं. पण त्या एका प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येणार, हे बाकावर बसलेल्या कुणालाही आधीच माहीत असतं.

ती ‘नाही’ का म्हणते? डॉक्टर पुरुष असतो आणि शेजारी मुलगा किंवा दीर उभा असतो. त्रास सांगितला तर लाईट थांबवतील आणि मग आजार वाढेल, ही धास्ती असते. त्याहून मोठं कारण म्हणजे हा त्रास सोसायचाच असतो असं तिने धरलेलं असतं. गावाकडे या उपचाराला शेक देणं म्हणतात. शेक म्हटल्यावर भाजणारच, असं ती मलाच समजावून सांगते. ज्या बाईने वर्षभर अंगावरून पांढरं जातंय हे घरात सांगितलं नाही, ती पाचव्या मिनिटाला परक्या माणसापुढे मोकळी कशी होणार?

आपल्याला माहीत असलेलंच सांगते, कारण हे पत्र बाहेरचे लोकही वाचतील. २०२२ मध्ये भारतात या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण नोंदल्या गेल्या आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे बहुतेक जणी येतात तेव्हा आजार शस्त्रक्रियेच्या पुढे गेलेला असतो. म्हणून सोमवार ते शुक्रवार रोज एक, अशा साधारण २५ बाहेरच्या लाईट, बरोबर आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची बाटली आणि शेवटी आतली लाईट, म्हणजे नळ्या आत बसवून आतूनच किरण देणारी ब्रॅकीथेरपी. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. लांबलं की आजार पुन्हा डोकं वर काढण्याची शक्यता वाढते. या उपचाराने बायका बऱ्या होतात, आणि मी हे रोज नव्या रुग्णांना छातीठोकपणे सांगते. म्हणूनच तो पूर्ण होणं, वेळेत होणं आणि होताना माणसाची रया न जाणं, या तिन्ही गोष्टी मला एकच वाटतात.

त्या एकच कशा, ते एका बाईच्या गोष्टीवरून सांगते. तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. ती रोज एसटीने यायची, जाऊन-येऊन चार तासांचा प्रवास. तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले. गाडीत संडास नाही, स्टँडवरच्या संडासात पाणी नाही, आणि वाटेत गाडी थांबवा म्हणायची तिला लाज. तिने तिचा मार्ग काढला: सकाळपासून खायचं नाही आणि पाणी प्यायचं नाही. आता पुढे काय झालं पाहा. लाईट घेताना मूत्राशय भरलेलं असावं लागतं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. तिचं मूत्राशय रिकामं राहिलं, आतडी खाली उतरली, जुलाब आणखी वाढले. जुलाबाने आणि तहानेने अंगातलं पाणी आटलं. त्यात सिस्प्लॅटिन, जे मुळातच मूत्रपिंडाला जड. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं, म्हणून त्या आठवड्याची केमो रद्द. पुढच्या आठवड्याचीही रद्द. मग चक्कर येऊन पडली, भरती झाली, आणि लाईटही काही दिवस थांबली. केसपेपरवर लिहिलं होतं: मूत्रपिंडाचं कार्य कमी, केमोथेरपी सहन झाली नाही. शब्द खोटे नव्हते. पण ती पाणी का पीत नाही, हे कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर जुलाब थांबवण्याच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं आणि पाच आठवडे शहरात राहण्याची एक खाट, एवढ्यावर हे निभावलं असतं.

लघवी धरून ठेवण्याबद्दल आणखी थोडं. आपण सांगता, लघवी करून या, मग ठरावीक पाणी प्या आणि थांबा. हे बरोबरच आहे. पण पाणी पिऊन झाल्यावर मशीन बंद पडतं, किंवा भूल दिलेलं लहान मूल मध्ये घ्यावं लागतं. मूत्राशयाला आतून सूज आलेली बाई मांडीवर मांडी आवळून बसून राहते. नंबर जवळ आल्यावर तिच्याच्याने धरवत नाही आणि लुगडं भिजतं. मग ती रडते आणि दुसऱ्या दिवसापासून पाणीच कमी पिते. पाणी कधी प्यायचं हे तंत्रज्ञाने मशीनची खरी वेळ बघून सांगावं, आणि मशीनच्या खोलीला लागून बायकांचं एक स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं संडास असावं. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असलेलं संडास या रुग्णांच्या कामाचं नाही. नवं मशीन बसवताना कोट्यवधींचं बांधकाम होतं, तेव्हा त्या आराखड्यात हे संडास आहे का, एवढं विभागप्रमुखांनी सही करण्यापूर्वी पाहावं ही हात जोडून विनंती.

आहाराच्या बाबतीतही असंच. आपण ‘पौष्टिक खा’ म्हणता आणि घरचे जीव ओतून दूध, पालेभाजी, मटकीची उसळ, बाजरीची भाकरी घेऊन येतात. जुलाबात नेमकं तेच सोसत नाही. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, ताक, केळं, साबुदाण्याची पेज असं नाव घेऊन सांगितलं तर ते पाळलं जातं. पोटावर काढलेल्या खुणा परकराच्या नाडीखाली घासून पुसल्या जातात आणि घामाने तिथली कातडीही चुरचुरते. नाडी सैल आणि खाली बांधा, हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

डॉक्टरांना दिसणारा त्रास आणि बाईला होणारा त्रास यांत अंतर पडतं, ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. व्हिएन्नात या उपचारातून गेलेल्या २२३ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांनी स्वतः भरलेली प्रश्नावली आणि डॉक्टरांनी केलेली नोंद शेजारी ठेवली, तेव्हा स्त्रियांनी सांगितलेला बराच त्रास डॉक्टरांच्या नोंदीत उतरलाच नव्हता. तिथे तर वेळ आहे, भाषा एक आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात ७६६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २०१७ मध्ये आले. ज्यांच्याकडून नियमित लक्षणं विचारून घेतली आणि तीव्र तक्रारीची खबर परिचारिकेला लगेच दिली, त्यांच्यातले निम्मे रुग्ण ३१ महिन्यांहून जास्त जगले. नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्यांतले निम्मे २६ महिन्यांहून जास्त. ते रुग्ण पसरलेल्या कर्करोगासाठी केमो घेणारे होते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या बायकांना लागू होणार नाही. पण विचारणं हा शिष्टाचाराचा भाग नसून उपचाराचा भाग आहे, हे त्यातून मला तरी स्वच्छ दिसतं.

आपल्याच राज्यातलं काम सांगायचं तर टाटा मेमोरियलचा पार्सर अभ्यास आहे. शस्त्रक्रियेनंतर लाईट घेणाऱ्या ३०० स्त्रिया त्यात होत्या. रोज प्रतिमा पाहून नेमकेपणाने दिलेल्या आयएमआरटीमुळे, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या तंत्रामुळे, तीन वर्षांतला आतड्यांचा मध्यम किंवा तीव्र त्रास ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आला. म्हणजे निम्मा. हे तंत्र जिथे शक्य आहे तिथे प्रत्येक बाईला मिळावं, यासाठी आपण शासनाकडे भांडावं. आम्ही आपल्या मागे उभे राहू. पण त्या २१ टक्क्यांतल्या बायकाही आपल्याच आहेत, आणि जिथे अजून जुनी मशीन चालतात तिथल्याही.

आता आतल्या लाईटबद्दल. बाहेरची लाईट दुखत नाही, म्हणून पाच आठवडे निभावून नेलेल्या बायका ब्रॅकीथेरपीच्या पहिल्या दिवशी कोसळतात. पाय वर बांधलेले, आत नळ्या बसवलेल्या, त्या हलू नयेत म्हणून गच्च भरलेलं गॉज, आणि त्याच अवस्थेत स्कॅनची, प्लॅनिंगची वाट पाहत तासन्‌तास पडून राहायचं. काही ठिकाणी भूल व्यवस्थित देतात. काही ठिकाणी एका इंजेक्शनवर भागवतात, कारण भूलतज्ज्ञ मिळत नाही. व्हिएन्नातल्याच ५० स्त्रियांच्या आणखी एका अभ्यासात, कण्यातून भूल दिलेली असूनही, तीन महिन्यांनी ४१ टक्के स्त्रियांमध्ये मानसिक आघातानंतर दिसणारी लक्षणं होती. आमच्याकडे अशी स्त्री ‘दुसरी बारी नको’ म्हणून गावी निघून जाते आणि तिच्या नावापुढे ‘उपचार सोडला’ असं लिहिलं जातं. आतली लाईट अर्धवट राहिली तर आधीच्या पाच आठवड्यांचं मोल फार घटतं, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुरेशी भूल, नळ्या काढतानाही वेदनाशामक, शेजारी हात धरून बसणारी एक परिचारिका, आणि आदल्या दिवशी काय-काय होणार हे सांगणारं कुणीतरी. यातलं काहीही चैनीचं नाही.

ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं त्याबद्दल मी स्पष्टच लिहिते. लाईटनंतर योनीमार्ग कोरडा पडतो, आकसतो, त्याच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. ते टाळण्यासाठी, सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी डायलेटर, म्हणजे मार्ग उघडा ठेवण्यासाठी आत घालायची गुळगुळीत कांडी, वापरायला सुरुवात करायची असते. तो वर्तमानपत्रात गुंडाळून, इंग्रजी कागदासकट, डिस्चार्जच्या दिवशी हातात दिला जातो. किती बायका तो वापरत असतील? एकीने मला सांगितलं, ट्रंकेच्या तळाशी साडीखाली ठेवलाय, सुनेच्या हाती लागला तर काय सांगू. विधवा बाईला तर तो देतच नाहीत, तिला काय गरज म्हणून. गरज तिलाही आहे, कारण पुढची अनेक वर्षं तपासणी त्याच वाटेने व्हायची आहे आणि मार्ग बंद झाला तर परत आलेला आजार दिसणार नाही. आणि पस्तिशीतल्या बाईला एका महिन्यात पाळी कायमची जाते, अंगाचा भडका उडतो, झोप उडते, पुढे मूल होणार नाही. हे तिला उपचार सुरू होण्यापूर्वी सांगायला हवं होतं. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकींना ते गावातल्या बायकांकडून कळलेलं असतं.

नवऱ्यांनाही आत बोलवा. त्यांच्याशी स्वतंत्र बोला. ते मला दबक्या आवाजात विचारतात, तिच्याजवळ गेलं तर मलाही कॅन्सर होईल का. नाही होत, संबंधातून कॅन्सर लागत नाही, आणि बाहेरची लाईट घेऊन घरी गेलेल्या बाईच्या अंगात किरणं उरलेली नसतात. हे दोन वाक्यांचं उत्तर आपल्या तोंडून मिळालं तर वेगळी ताटवाटी, वेगळं अंथरूण, नातवाला जवळ घेऊ न देणं, हे सगळं बऱ्याच घरांतून थांबतं. मी सांगते तेव्हा त्यांना पटतं, पण डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की ते घरी जाऊन आईलाही सांगतात.

‘एवढा वेळ कुठून आणायचा?’ हा आपला प्रश्न रास्त आहे. पण विचारायला डॉक्टरच हवा असं नाही. परिचारिका विचारू शकते, समुपदेशक विचारू शकते, आणि रोज तिला टेबलावर झोपवणारी तंत्रज्ञ ताई तर तिला सगळ्यांत जास्त ओळखते. युरोपातली कर्करोग संशोधन संघटना, ईओआरटीसी, हिची क्यूएलक्यू-सी३० ही जीवनमानाची प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिची २४ प्रश्नांची स्वतंत्र पुरवणी आहे. संशोधनासाठी आपण त्या भरून घेताच. रोजच्या कामाला एवढं लांबलचक नको, आठ-दहा प्रश्न पुरतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला तोंडी विचारायचं, एवढंच. मात्र उत्तर आल्यावर पुढे कोण काय करणार हे आधी ठरलेलं हवं: जुलाब इतके झाले तर परिचारिका गोळी देईल, इतके झाले तर सलाईन, रक्त पडलं तर डॉक्टर लगेच पाहील. विचारून काहीच केलं नाही, तर पुढच्या वेळी ती बोलणार नाही.

शासनाकडे दोन गोष्टी मागते. पहिली, राहण्याची सोय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून लाईट आणि केमोचा खर्च निघतो आणि त्याने हजारो घरं वाचली आहेत, हे मी कृतज्ञतेने लिहिते. पण पाच-सात आठवडे शहरात राहणं, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचं जेवण हे घरातूनच जातं. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं कर्करुग्णांना आसरा देते आहे. तशी जागा रेडिओथेरपीचं मशीन असलेल्या प्रत्येक शहरात, रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर असायला हवी. दुसरी गोष्ट, २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सर डे-केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली. लाईटचं मशीन प्रत्येक जिल्ह्यात येईल तेव्हा येईल. पण शनिवारी-रविवारी, किंवा उपचार संपून घरी गेल्यावर, जुलाबाने गळून गेलेल्या बाईला सलाईन लावणं, रक्त तपासणं, महिन्यांनंतर शौचातून रक्त पडलं किंवा पाय सुजले तर मूळव्याध म्हणून परत न पाठवता आपल्याकडे फोन करणं, हे त्या केंद्रांत नक्की होऊ शकतं. त्यासाठी तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना या बायकांना काय-काय होतं हे शिकवावं लागेल, आणि ते शिकवणारे आपणच आहात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये हा कर्करोग हद्दपार करण्यासाठी उद्दिष्टं ठरवली: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी, आणि आजार सापडलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. लशीबद्दल आता शाळांमधून बोललं जातं आणि ते फार चांगलं आहे. पण आज बाकावर बसलेल्या बाईला लशीचा उपयोग नाही. ती त्या तिसऱ्या उद्दिष्टात मोडते, आणि तिचा उपचार पूर्ण झाला की नाही हे बऱ्याच वेळा तिच्या जुलाबांवर, तिच्या भीतीवर आणि एसटीच्या प्रवासावर ठरतं.

आमच्या विभागातल्या सहकाऱ्यांनी मिळून एका पानाचं प्रश्नपत्रक तयार केलं आहे, मोठ्या अक्षरात, साध्या मराठीत. वऱ्हाडी, अहिराणी आणि गोरमाटी बोलणाऱ्या रुग्णांसाठी विचारण्याची पद्धत बाजूला लिहिली आहे. ज्या विभागाला हवं असेल त्याला आम्ही ते पाठवू, शिकवायलाही येऊ. आपण सोमवारच्या तपासणीपासून सुरुवात करू शकता. पहिल्या एक-दोन वेळा बहुतेक उत्तरं ‘नाही’ अशीच येतील. त्याने हा उपक्रम बंद करू नका. ही विचारणारी बाई दर आठवड्याला येते आणि सांगितलं तर औषध मिळतं, हे बाकावर पसरायला तेवढा वेळ लागतोच.

आपली नम्र,
समुपदेशक, रेडिओथेरपी विभाग